उड्यांचा कडता

"बाहेरचं खाणं आत चालत न्हाई. डबा हितंच ठेवा," वॉटरपार्कच्या फाटकावरचा रखवालदार म्हणाला.

नागप्पाने वाद घातला नाही. त्याने पिशवी टेबलावर उघडून ठेवली. डबा, गार थर्मासात इन्शुलिनचं पेन, रक्तातली साखर बघायचं यंत्र, ग्लुकोजची पुडी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. "पोरीला शुगर हाय," तो म्हणाला. "हिचं खाणं मापात लागतंय."

रखवालदाराने दहा वर्षांच्या मंजुश्रीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढीशी तर हाय. गोड लई खाती का?"

"न्हाई काका. माझ्या अंगात इन्शुलिन तयारच होत न्हाई, म्हणून टोचून घ्यावं लागतंय," मंजू म्हणाली. हे उत्तर तिला तोंडपाठ होतं. रखवालदाराने चिठ्ठी न वाचताच पिशवी परत केली.

नागप्पा उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, बावीस वर्षं तोलार होता. इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी आडते अजून त्याचा हात मानत. ओंजळभर तूर किती भरेल हे तो काट्याच्या आधी सांगायचा. चार वर्षांपूर्वी मंजूला हा आजार निघाला, तेव्हा त्याच हाताने त्याने घरातला भात मोजायला घेतला. डॉक्टरांनी वाटी सांगितली, याने मूठ ठरवली, आणि मूठ कधी चुकली नाही. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

आज अमावास्या, मोंढा बंद. पुढच्या महिन्यात शाळेची तीन दिवसांची सहल होती आणि मंजूला जायचं होतं, एकटीने. गौरम्माने नवऱ्याला अट घातली होती, "आधी एक दिवस तिला पाण्यात, उन्हात खेळवून आणा. धड परत आली तर बघू. न्हाईतर सहलीचं नाव काढायचं न्हाई."

तासभर मंजू घसरगुंडीवरून पाण्यात पडत होती आणि पुन्हा पायऱ्या चढत होती. अकराच्या सुमाराला ती आपणहून बाहेर आली.

"अप्पा, हात थरथरायलेत."

यंत्राने बासष्ट दाखवलं. "सकाळचं उपीट दोन मुठी होतं. इन्शुलिन रोजचंच. मग उतरली कशी?" नागप्पा पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. गळ्यातलं इष्टलिंग त्याने कधी मुठीत धरलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. तोवर मंजूने पुडी फोडून ग्लुकोज पाण्यात कालवलं, पिऊन टाकलं आणि सावलीत जाऊन बसली. "घड्याळ बघा अप्पा. पंधरा मिनिटं."

पंधरा मिनिटांनी एकशे चार.

"माप बरोबर होतं तुमचं," मंजू म्हणाली. "कडता धरला न्हाईत."

पोत्याचं, ओलीचं, मातीचं म्हणून जे वजन तोलार कापतो, तो कडता. सुट्टीत मोंढ्यात बसून पोरीने तेवढं उचललं होतं.

"उड्यांचा कसला कडता?"

"उड्या मारल्या की शुगर आपोआप उतरती. तेवढं इन्शुलिन कमी घ्यायचं. दवाखान्यातल्या ताईनं सांगितलं होतं की. तुम्ही फोनवर बोलायलते."

तेवढ्यात गौरम्माचा फोन आला. नागप्पाने डोळ्यांनी खुणावलं, सांगू नको. पण मंजूने फोन घेतला.

"अव्वा, शुगर उतरली होती. बासष्ट. ग्लुकोज घेतलं, आता बरी हाय."

गौरम्माने विचारलं, "कुणी दिलं ग्लुकोज?"

"मीच घेतलं."

"आन् अप्पा काय करत होते?"

मंजूने बापाकडे पाहिलं. "उभे होते."

नागप्पाला ते लागलं. पण खोटं काय होतं त्यात?

"बरं," गौरम्मा म्हणाली. "सहलीचे पैसे उद्या भरायला सांग त्यांना."

एक वाजता डबा उघडला. नागप्पाने सवयीने भात तळहातावर घेऊन तोलला. "तीन मुठी. पाच युनिट."

"दोन मुठी. एका मुठीच्या जागी आइस्क्रीम खाणार हाय. आन् परत उड्या मारायच्यात, म्हणून तीन युनिट."

मनातल्या मनात नागप्पाने हिशेब लावून पाहिला. बरोबर होता. पेनाची चकती तिने स्वतः तिनावर फिरवली, पोटाची चिमूट धरली आणि टोचून घेतलं. तो नुसता बघत राहिला.

जेवण झालं, आइस्क्रीम झालं, बराच वेळ सावलीत बसणंही झालं. यंत्र बघून झाल्यावर मंजू म्हणाली, "आता त्या उंच घसरगुंडीवर. वर नुसतं सोबतीला सोडत न्हाईत, तुम्ही हितंच बसा." ग्लुकोजची पुडी प्लास्टिकच्या थैलीत घालून तिने कमरेला बांधली आणि पायऱ्या चढू लागली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

डब्यात तिने सोडलेला मूठभर भात होता. नागप्पाने तो तळहातावर घेतला. किती भरेल ते त्याने पाहिलं नाही. वर, शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या लेकीकडे बघत त्याने तो खाऊन टाकला.