चाकाजवळचं स्वस्तिक

मित्रांनो, मी एक कोरी करकरीत गाडी आहे. स्वतःची कहाणी सांगण्याइतकं माझं वय नाही, पण थांबायला मला वेळही नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता. बोरिवलीच्या शोरूममागे ट्रेलरवरून उतरवताना साखळी सुटली आणि माझ्या पुढच्या डाव्या चाकाजवळ आदळली. रंग उडाला. आतली ब्रेकच्या तेलाची नळीही दुखावली, पण तिथे कोणी वाकून पाहिलं नाही. शोरूमच्या राजेशने कुंकू कालवलं आणि रंग उडालेल्या जागी ठसठशीत स्वस्तिक काढलं. मला फार लाज वाटली.

मला न्यायला मुलुंडहून नंदकुमार, त्यांची बायको उत्तरा आणि मुलगी गंधाली आले.

"स्वस्तिक बॉनेटवर काढतात ना? हे चाकाजवळ कशाला?" असं म्हणत उत्तराताईंनी रुमाल काढला.

"पुसू नको गं," नंदकुमार म्हणाले. "आजच्या दिवशी असं पुसतात का?"

रुमाल पर्समध्ये परत गेला.

नारळ फुटला. नंदकुमारांनी मला हातभर पुढे घेऊन ब्रेक दाबला. चाकांखालची लिंबं चिरडली. तीन ठिकाणी रसाचे छोटे डाग पडले, पुढच्या डाव्या चाकाखालचा मात्र पसरतच राहिला.

"हे लिंबू भलतंच रसाळ निघालं," नंदकुमार हसले.

गंधालीने बोट लावून वास घेतला. "बाबा, हे लिंबू नाहीये. तेल आहे."

मग उत्तराताईंनी स्वस्तिक पुसलं आणि खालचा उडालेला रंग दिसला. "घरी जाताना आरे कॉलनीचा उतार होता," गंधाली म्हणाली. "वाट लागली असती ना आपली."

ते मला न घेताच गेले. राजेशने नळी बदलली नाही. कमी झालेलं तेल तेवढं भरलं आणि मला मागच्या रांगेत लावलं.

आज मला पुन्हा पुढे आणलंय. रुचिरा नावाची एक नर्स येते आहे. ही तिची पहिलीच गाडी. आधी आईला बसवून आरे कॉलनीत चक्कर मारणार, असं तिने फोनवर राजेशला सांगितलं. फोन ठेवून त्याने पुन्हा कुंकू कालवलं.

मित्रांनो, नवी गाडी घ्याल तेव्हा जरा खाली वाका, हात लावून बघा. स्वस्तिक पुसलं म्हणून देव रागावत नाही.

चारही चाकांपुढे लिंबं ठेवून झाली आहेत. अजून एकही चिरडलेलं नाही. पण पुढच्या डाव्या चाकाखालची फरशी ओली झाली आहे.