ऑर्विलने न टाकलेला दाणा

मित्रांनो, आजकालचे पडदे भिंतीवर तसबिरीसारखे लटकतात. माझे तसे नाही. मी लाकडी पेटीतला, मागे भलेमोठे पोट सुटलेला दूरदर्शन संच आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या टॅमरॅक फॉल्स या गावात, आगीचे बंब ठेवतात त्या इमारतीच्या सभागृहात माझा मुक्काम असतो. वयामुळे माझे रंग हिरवट झाले आहेत. माझ्यात दिसणारा कितीही देखणा माणूस तापातून उठल्यासारखा वाटतो. म्हणूनच आमचे लोक चेहऱ्यापेक्षा बोलण्याकडे जास्त लक्ष देत असावेत. तेवढे श्रेय मी घेतो.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी डाख देऊन माझ्या तारा जोडल्या. नंतर मला विकत घेतले ते कागदाच्या गिरणीत काम करणाऱ्या ऑर्विल थिबोडोने. त्याच्या घरात त्याची लहान मुलगी सेलेस्ट माझ्या इतकी जवळ बसायची, की तिच्या श्वासाने माझी काच धुरकट व्हायची. तिची आई तिला मागे ओढायची आणि ती पुन्हा पुढे सरकायची. ते दिवस भरल्या घराचे होते. पुढे सेलेस्ट शिकायला गेली, तिची आई वारली, आणि एकट्याने माझ्यासमोर बसणे ऑर्विलला जड जाऊ लागले. एका सकाळी त्याने मला गाडीत घातले आणि या सभागृहाला देऊन टाकले.

इथे माझे दिवस सारखे नव्हते. कधी हॉकीचे सामने, कधी वादळाच्या बातम्या. उरलेला काळ मी कोपऱ्यात, पाण्याच्या गुंडाळलेल्या नळ्यांच्या मागे पडून असायचो. उंदरांनी एकदा माझी वायरही कुरतडली. पण दर चार वर्षांनी हिवाळ्यात मला पुढे आणले जायचे, माझी काच पुसली जायची, आणि माझा थाट काय वर्णावा!

राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्यांना आधी आपल्याच पक्षाच्या लोकांत निवडून यावे लागते, आणि ते मतदान सुरुवातीलाच आमच्या राज्यात होते. त्यामुळे हवशे, नवशे, गवशे सगळे आमच्या गावातून जातात. बर्फ काढायची गाडी चालवणारा वॉल्डो तर एका सेनेटरबद्दल म्हणाला होता, “माणूस बरा वाटतोय. पण मी त्याला दोनदाच भेटलोय. इतक्यात कसं ठरवू?”

मग येते वादसभा. सगळे उमेदवार एका रांगेत उभे राहतात, प्रश्न विचारले जातात, आणि सारा देश बघतो. आमच्या सभागृहात त्या संध्याकाळी काकवी घालून मंद आचेवर शिजवलेल्या घेवड्याचे जेवण असते. जेवण झाले की ग्लेनिस, म्हणजे आमची स्वयंपाकाची मुख्य, माझ्यासमोर कॉफीचे रिकामे डबे मांडते. एकेका उमेदवाराच्या नावाचा एकेक डबा. प्रत्येकाच्या हातात कच्च्या घेवड्याचे मूठभर दाणे देते. उमेदवाराने उत्तर दिले, की उठायचे आणि त्याच्या डब्यात दाणा टाकायचा.

नियम मात्र एकच, आणि तो मोडलेला मी पाहिला नाही. उत्तर पटले का, हे बघायचे नाही. माणूस आवडतो का, हेही नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले का, एवढेच बघायचे. मित्रांनो, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण ज्याचे तोंड बघवत नाही, त्याच्या डब्यात खाली मान घालून दाणा टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. ताकाला जाऊन भांडे लपवणारे मोठमोठे पुढारी इथे रिकाम्या डब्याचे धनी झाले. शेवटी ग्लेनिस डबे हलवून दाखवते, आणि आवाजावरून सगळ्यांना सगळे कळते.

वादसभा संपताच ती माझे बटण दाबते. कोण जिंकले, हे सांगायला तज्ज्ञ तोंड उघडतात न उघडतात, तोच माझा पडदा काळा. “जेवलो आपण, आणि ढेकर त्यांनी द्यायची?” असे ती म्हणते. मोठे लोक माझ्या पोटात मावतात, पण या माणसांपुढे मला नेहमी लहान वाटत आले आहे.

आता त्या हिवाळ्याची गोष्ट सांगतो. त्या वर्षी रांगेत आमची सेलेस्ट होती. ती राज्याची गव्हर्नर झाली होती, आणि आता देशाच्या सर्वोच्च पदासाठी उभी होती. जिच्या श्वासाने माझी काच धुरकट व्हायची, ती आता काचेच्या आतून बोलत होती. मला भरून आले. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, ऑर्विल बसला होता.

सुरुवातीला ती सुरेख बोलली. तिच्या डब्यात दाणे टणटण पडत होते. ऑर्विलही उठून टाकत होता, पण दुसऱ्यांच्या डब्यातही तितक्याच इमानाने. मग तिला विचारले गेले, की गिरणीचे विषारी पाणी तुमच्या नदीत मिसळत होते, हे तुम्हाला नेमके कधी कळले?

त्या नदीतले मासे या सगळ्यांनी खाल्ले होते.

सेलेस्टने आपल्या वडिलांविषयी सांगितले. ते गिरणीतून थकून यायचे, तरी तिला नदीवर घेऊन जायचे. गळ कसा टाकायचा, आणि लहान मासा परत पाण्यात कसा सोडायचा, हे त्यांनी शिकवले. “त्या नदीवर माझ्याइतकं प्रेम कुणाचं असेल?” असे ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज कापला. तिकडे लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. इकडे ग्लेनिस पदराने पुसावेत तसे एप्रनने डोळे पुसत होती. साऱ्या देशासमोर एका गिरणी कामगाराचा असा गौरव झालेला मी तरी पाहिला नव्हता.

दाणे घेऊन लोक उठले, आणि थांबले. आधी बापाने टाकावा, असे सगळ्यांनाच वाटले असावे. ऑर्विल उठला. डब्यापाशी गेला. हातातल्या दाण्याकडे त्याने बराच वेळ पाहिले, आणि तो खिशात ठेवला.

“गोष्ट खरी आहे,” तो म्हणाला. “पण तिला हे विचारलं नव्हतं.”

एकेक करून सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. मित्रांनो, त्या वेळी माझ्या आत वादसभा चालूच होती, पण मी स्वतः मात्र त्या म्हाताऱ्याकडे बघत होतो. इतका मोठा माणूस माझ्या पडद्यावर कधी आला नाही.

मला बंद केल्यावर थोड्या वेळाने भिंतीवरचा फोन वाजला. सेलेस्टच होती. ऑर्विलचे बोलणे तेवढे मला ऐकू आले.

“छान बोललीस, पोरी. तुझ्या आईची आठवण झाली.” मग त्याने विचारले, “पण कधी कळलं होतं तुला?”

पलीकडून ती पुष्कळ बोलली असावी. तो नुसता ऐकत होता. त्याचा हात भिंतीवर टेकला होता.

“हे मला सांगून काय उपयोग?” शेवटी तो म्हणाला. “मी बाप आहे, मी समजून घेईन. ज्यांनी मासे खाल्ले, त्यांना सांग.”

तिने ते सांगितले. मतदानाला थोडे दिवस उरले असताना, एका दुपारी, माझ्याच पडद्यावर. पाण्याचे तिला गावाच्या आधीच कळले होते, आणि गिरणी बंद पडून गावाची चूल विझेल या भीतीने ती वर्षभर मूग गिळून बसली होती, असे तिने सरळ सांगितले. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सभागृहातही लोक चिडले. काहींनी तिचे नाव टाकले. मतदान झाले आणि ती हरली. त्या दुपारनेच तिला हरवले, असे पुष्कळ जण म्हणतात.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी खुर्च्या आवरता आवरता वॉल्डोला राहवले नाही. “काका, राग मानू नका, पण तुम्ही मत कुणाला दिलंत?”

“सेलेस्टला,” ऑर्विल म्हणाला.

“पण त्या दिवशी तर...”

“त्या दिवशी तिचं उत्तर चुकलं होतं. माणूस टाकून द्यायला कोणी सांगितलं होतं?” एवढे बोलून त्याने पुढची खुर्ची उचलली.

आता माझे दिवस भरत आले आहेत. पुढच्या खेपेला इथे नवा, चपटा पडदा येणार, असे मी ऐकतो. त्याचे रंग चांगले असतील, आणि ते असावेतही. माझी एवढीच विनवणी आहे, की त्याची काच पुसाल तेव्हा त्याच्यासमोर बसायची तुमची रीतही सांभाळा. त्यात कोणी गोड बोलू लागले, डोळे भरून आले, तरी प्रश्न काय होता हे विसरू नका. आणि बोलणारे माणूस तुमचे स्वतःचे असेल, तर मित्रांनो, जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.