मध्यरात्रीच्या हमालांची पहिली तबकडी

रामाजी खोटं बोलत नसे. खरं त्याच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत जरा फुगत असे, इतकंच. मूठभर तांदळाचा पातेलंभर भात होतो, तसं. पोलादाच्या कारखान्यात, भंगाराच्या यार्डात तो चुंबकाची क्रेन चालवायचा. एकदा म्हणे जवळच्या मरोदा वस्तीच्या झुडपांतून वाघ आला आणि चुंबक खाली येताच चारी पाय वर करून त्याला जाऊन चिकटला. कारण काय, तर त्या वाघानं आदल्या दिवशी एक शिकारी बंदुकीसकट गिळला होता. रशियन इंजिनियर कारखान्याचं धुराडं बांधताना त्याच्याकडे सल्ला मागायला आले, हेही मरोद्यात सगळ्यांना पाठ होतं. त्यानं मान जरा डावीकडे कलवून पाहिलं, म्हणून ते धुराडं आजही सरळ उभं आहे.

अशा माणसाची गाठ पडली ती फोरमन शामसुंदर साहेबांशी. साहेब वर्ध्याचे, हिशेबी, पोस्टकार्डसुद्धा दोनदा वाचून पेटीत टाकणारे. वितळलेल्या पोलादाची ती राक्षसी बादली असते ना, लॅडल, ती उचलणाऱ्या क्रेनवर नवा माणूस हवा होता. रामाजीइतका हलका हात अख्ख्या कारखान्यात कोणाचा नव्हता. चार मजले उंचीवरून चुंबकानं खिळा उचलून तो साहेबांच्या चहाच्या बशीत ठेवू शकला असता. तरी साहेब आठ दिवस कागद समोर घेऊन बसले होते आणि सही काही करत नव्हते.

"हात चांगला आहे रे तुझा," ते शेवटी म्हणाले. "पण लॅडलवरचा माणूस वरून ओरडला की खाली कोणी नाही, की खालच्यांनी त्या शब्दावर जीव ठेवायचा असतो. तुझ्या शब्दावर कोण ठेवेल, सांग."

हे रामाजीच्या काळजाला लागलं. क्रेन त्याला पगारासाठी नको होती. पोलाद ओततानाचा तो सोनेरी धबधबा वरून, आपल्या हातानं उतरताना पाहायचा होता. आयुष्यात पहिल्यांदाच अशी गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे होती, जिला फुगवायची गरज नव्हती. त्या दुःखाच्या भरात त्याच्या तोंडून चुकून एक खरी गोष्ट निघून गेली. आपल्या घरी विलायतेच्या एका नव्या कंपूची गाण्याची तबकडी आहे, पहिलीवहिली, नागपुरातसुद्धा अजून पोचलेली नाही, असं तो म्हणाला.

भोवतालचे कामगार पोट धरून हसले. शेजारचा फिटर सुखराम म्हणाला, त्यात वाघ किती गाऊन राहिले ते तरी सांग. पण साहेब हसले नाहीत. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता. रविवारी दुपारी तबकडी घेऊन ये, म्हणाले. वाजली तर सही, नाही वाजली तर तू आणि तुझं भंगार.

तबकडी मात्र खरोखरच होती. रामाजीचा भाचा कवडू त्याच्या मूळ गावचा, पवनीचा. वैनगंगेत डोंगा चालवता चालवता तो मुंबईला जाऊन जहाजावर खलाशी झाला होता. विलायतेच्या बंदरात त्यानं मामीसाठी लोकरीची शाल घेतली आणि मामासाठी ही तबकडी, कारण दुकानापुढे पोरींची झुंबड उडाली होती आणि झुंबड म्हणजे माल चांगला, असा त्याचा पवनीच्या बाजारातला अनुभव होता. वेष्टनावर चार पोरं, तिघांच्या हातात गिटारी, चौथा पियानोला टेकलेला. चौघांचेही केस भुवयांवर आलेले. रामाजीची बायको मैनाबाई तो फोटो बघून एवढंच म्हणाली होती, की त्या गावात न्हावी नसावा.

रविवारी ती त्याच्याबरोबर निघाली. तू कावून येतेस, त्यानं विचारलं. एकटे गेले तर येतानी भलतीच गोष्ट घेऊन याल, ती म्हणाली. तबकडी तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून डोक्यावर घेतली, आणि मरोद्यापासून सेक्टर दहातल्या साहेबांच्या क्वार्टरपर्यंत सुखरामसकट पंधरा-वीस माणसं मागे लागली. कोणाची वरात आहे म्हणून रस्त्यात दोन कुत्रीही सामील झाली.

साहेबांची मुलगी साधना दुर्गला कॉलेजात जायची. तिनं वेष्टन वाचून सांगितलं की कंपूचं नाव 'द मिडनाईट पोर्टर्स', म्हणजे मध्यरात्रीचे हमाल.

"म्हंजे सी शिफ्टवाले, रातपाळीचे," सुखराम म्हणाला. "आपलेच लोक निघाले."

साहेबांनी ओट्यावर ग्रामोफोन मांडला, चावी भरली, सुई टेकवली. आणि कर्ण्यातून जे निघालं ते ऐकून कुत्री उठून गेली. कणगीत मांजर शिरल्यावर उंदरांची जी सभा भरते, तसं काहीतरी, आणि त्याच्या मागे कोणीतरी पितळेची भांडी जिन्यावरून सोडून देतंय. लोक हसून हसून ओट्यावरून खाली उतरले. खरं सांगितलं की असं होतं, हे रामाजीला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी पेनाला टोपण घातलं.

साधना मात्र तबकडीवर वाकून बारीक अक्षरं वाचत होती. ती म्हणाली, बाबा, ही मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची आहे, आणि आपलं यंत्र अठ्ठ्याहत्तर फेरे मारतं. शिवाय आपली जाड सुई हिच्या बारीक रेघा खरवडून काढतेय. खरंच, सुईमागे काळा भुगा साचला होता. पहिली बाजू कामातून गेली होती. दुसरी एकदाच वाजेल, त्यानंतर ही फक्त पापड लाटायच्या कामाची.

मग चावी उतरवून टाकली आणि हातानं फिरवायचं ठरलं. आधी भलत्याच एका जुन्या तबकडीवर, सुई न लावता, सराव. साहेबांनी बोट ठेवलं. ते दर फेरीला थांबून हिशेब करत. सुखरामनं फिरवली ती नट आवळल्यासारखी. रामाजीचा हात हलका, पण त्याला सवय क्रेनच्या दांड्यांची, आणि साधना घड्याळ बघून सांगे, मामा, चाळीस. मामा, सव्वीस. टनावारी भंगार तोलणाऱ्या हाताला एक ताटली तोलेना.

मैनाबाईनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. यंत्र खाली जमिनीवर ठेवा म्हणाली. एक पाय दुमडून, एक लांब करून बसली, पदर खोचला आणि मधल्या कागदावर बोट टेकवून फिरवू लागली. साधनानं मिनिटभर घड्याळ पाहिलं. पुन्हा मिनिटभर पाहिलं.

"तेहतीस," ती हळूच म्हणाली. "दोन्ही वेळा."

"जवारीचं दळन असंच चालते, पोरी. याच्याहून जोरात फिरवलं तं भरड पडते."

हमालांची दुसरी बाजू लावली. सुई टेकली, आणि उंदरांची माणसं झाली. चार तरुण पोरं, जरा दमलेली, कुठल्या तरी ओल्या गावात बसून मन लावून गात होती. गिटारी झिणझिणल्या. मागून पियानो आला, पेटीची थोरली मावशी असावी तसा, भारदस्त आणि प्रेमळ. ओट्यावर कोणी हलेना. मैनाबाईला मात्र एक अडचण होती. तोंड बंद ठेवून दळण तिनं जन्मात केलं नव्हतं. तिसऱ्या गाण्यात तिचा वेग सुटायला लागला, पोरांचे आवाज घोगरे झाले, तेव्हा तिनं डोळे मिटले आणि ओवी धरली:

भट्टीत लोखंडाचं
पानी पानी गं झालं
धन्याच्या बोलन्यातलं
खरं कोनाले कळलं

लगेच वेग सावरला. इकडे ओवी, तिकडे हमाल, आणि पियानोवाला पोरगा तर असा मागोमाग चालला जणू पवनीतच वाढला होता. शेवटची रेघ संपून सुई मधोमध जाऊन थांबेपर्यंत मैनाबाईनं सहा ओव्या घातल्या. सहाही नवऱ्याच्या बोलण्यावर होत्या.

कोणीतरी नाक शिंकरलं. बहुतेक सुखरामच.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पण कागदावर टेकवलं नाही. ते रामाजीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे कसं झालं, सांग मला. लॅडलवरून सांगशील तसं सांग."

रामाजीच्या जिभेवर एकदम दहा गोष्टी धावून आल्या. हा हात मीच तिला शिकवला, क्रेनवर बसवून. तेहतीसचा आकडा मले सपनात दिसला होता. एकेक गोष्ट वाघापेक्षा मोठी आणि देखणी. सगळा ओटा कान टवकारून होता. मैनाबाई लुगड्याला हात पुसत होती आणि त्याच्याकडे मुद्दाम बघत नव्हती. रामाजीनं आवंढा गिळला. तो आवंढा बंदूकवाल्या शिकाऱ्याएवढा होता.

"तबकडी होती. मले वाजवता नाही आली," तो म्हणाला. "हिनं वाजवली."

"आणखी काही?"

"नाही साहेब. एवढंच झालं."

साहेबांनी सही केली. दोनदा वाचली आणि कागद त्याच्या हातात दिला. सोमवारपासून लॅडलवर.

येताना रामाजी ओठ आवळून चालत होता. माणसं पांगली. सुखराम दोनदा बोलायला गेला आणि त्याचा चेहरा बघून पुढे निघून गेला. दोघं मरोद्याचा नाला ओलांडून आले. रामाजीचे कान लाल झाले होते, गळ्याची शीर फुगली होती. मैनाबाईनं तबकडी एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली.

"बोला आता," ती म्हणाली. "इथं कोनी नाही. उगाच आजारी पडाल."

रामाजीनं मागे-पुढे पाहिलं.

"जयाची माय, तुले सांगतो, तो पियानोवाला पोरगा हाये ना, त्याचा आजा आपल्या वैनगंगेत पडला होता. मगरीनं पाय धरला, मी आपला सात वर्षांचा..."

मैनाबाईनं चाल मंद केली. अजून घर बरंच लांब होतं.

"मंग?" ती म्हणाली.