धडधाकट पायाची पट्टी

ओंद्रेचा उजवा गुडघा कामातून गेला होता, म्हणून त्याने पट्टी डाव्या गुडघ्याला बांधली. जुन्या खेळाडूंची ही युक्ती, ते कुणाला सांगत नसत. पट्टी दिसली की समोरचे तिथेच धडक मारणार. मारा म्हणावं, लेको, धडधाकट पायावर!

आज पडून चालणार नव्हतं. अंगावर धडका घेत खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा हा संघ पोलाद कारखान्याचा. रविवारी मैदानात उतरतोय तोवर ओंद्रेला गोदामातलं हलकं काम; संघातून गेला की परत भट्टीवर. आणि लंगड्याला भट्टीवर कोण उभं करतो? "बाबा रे, एवढा मोसम काढ," तो गुडघ्यालाच विनवत होता.

समोरच्या रांगेत बघतो तर टियर्नी! एका खोलीत राहून ओंद्रेच्याच ताटातला कोबी खाल्लेला टियर्नी. शेजारच्या गावाने त्याला कालच पैसे देऊन आपल्या संघात आणलं होतं. पट्टीची युक्ती त्याला शिकवली ती ओंद्रेनेच.

"झकास बांधलीस रे पट्टी," टियर्नी हसला.

"टियर्न्या, माझं पोट आहे त्यावर. तुला माहितीये."

"माहितीये ना. म्हणून तर मला आणलंय."

चेंडू सुटला. टियर्नीने डाव्या पायाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळं अंग उजव्या गुडघ्यावर घातलं. कडकन आवाज झाला. कुंपणापाशी लोकांनी टोप्या उडवल्या. मेल्यांना काय, कुणाचं तरी हाड मोडल्याशी मतलब.

ओंद्रेला उचलून बाकावर ठेवलं, तिथे संघ सांभाळणारा प्रूइट आला. विचारपूस करील असं ओंद्रेला वाटलं.

"साहेब, गोदामातली जागा तेवढी..."

"ते बघू. हा टियर्नी राहतो कुठे? असला माणूस आपल्याकडे पाहिजे."

पुढच्या रविवारी टियर्नी कारखान्याच्या जर्सीत बसला होता. गोदामातली जागाही त्यालाच मिळाली होती. कुबडी घेतलेल्या ओंद्रेला प्रूइटने खेळाडूंच्या पट्ट्या बांधायला ठेवलं होतं, तेही काम बघून पुढचं पुढे.

टियर्नीने पाय पुढे केला. "उजवा घोटा लचकलाय. डाव्याला बांध."

आत्ता उठून पलीकडच्या संघाला खरा पाय सांगावा, असं ओंद्रेच्या मनात येऊन गेलं. दारात प्रूइट उभा होता. ओंद्रे मोडका पाय पसरून कसाबसा खाली बसला आणि मन लावून पट्टी गुंडाळू लागला.

"घट्ट नाही ना होत?" त्याने विचारलं.