तोंडातलं प्यादं

खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या माणसाचं तोंड दिवसभर भरलेलं असतं. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. बाबांनी आम्हा दोघा भावंडांना हे काम शिकवलं तेव्हा पहिला नियम घालून दिला होता: तोंडात खिळे असताना बोलायचं नाही. हा नियम मी आजवर इमानदारीने पाळत आलोय, आणि माझी धाकटी बहीण आजवर त्याचा गैरफायदा घेत आलीय.

तिला काही आडवंतिडवं सांगायचं असलं की ती माझे ओठ भरायची वाट बघते. "दादा, दुकानाला पिवळा रंग देतेय." "दादा, तुझं मोडकं स्टूल भंगारात दिलं." मी खिळे थुंकून हातात घेईपर्यंत बाईसाहेब पसार! पन्नाशी उलटली तरी खोडी गेली नाही.

बाबांचा दुसरा नियम भांडणासाठी होता. दोघांचं पटलं नाही तर बुद्धिबळाचा एक डाव मांडायचा. जिंकेल त्याचा शब्द शेवटचा, हरेल त्याने कुरकुर करायची नाही. या नियमाबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती, कारण बहुतेक वेळा मीच जिंकायचो. मी काळी मोहरी घेतो आणि फ्रेंच बचाव खेळतो. राजापुढचं प्यादं एक घर, मग वजिरापुढचं दोन घरं, आणि आत घट्ट बसून राहायचं. धाकटी धडका मारून मारून दमते, मग मी सावकाश बाहेर येतो. पिवळा रंग सोडला तर आमच्या दुकानात कधीच काही बदललं नाही, त्याचं श्रेय या बचावाला आहे.

या वेळी भांडण होतं नाट्यगृहाच्या खुर्च्यांवरून. सगळ्याच्या सगळ्या खुर्च्यांची कापडं बदलायची होती आणि नाट्यगृहवाल्यांनी आम्हाला विचारलं होतं. मी नको म्हणालो. का, तर एवढी मोठी कामं आपली नव्हेत. हे आपलं सांगायचं कारण. खरं कारण माझ्या डाव्या अंगठ्यात होतं. खिळा टेकवून धरायचा तो अंगठा हल्ली बधिर झाला होता. खिळा निसटायचा, वाकडा जायचा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. खिळा धरता येत नाही तर मी दुकानात करायचं काय?

"ठीक आहे," धाकटी म्हणाली, "काढ पट. पण आधीच सांगते. तू जिंकून नाही म्हणालास तर मी नदीपलीकडच्या सोफ्याच्या कारखान्यात जाणार. ते कधीपासून बोलावतायत. तुझ्या दोन स्टुलांवर आणि एका आरामखुर्चीवर मला उरलेले दिवस काढायचे नाहीत."

जिंकलो तर बहीण जाणार, हरलो तर अब्रू. तरीही चेहरा निबर ठेवून मी एका उघड्या, स्प्रिंगा निघालेल्या सोफ्यावर फळी टाकली आणि पट मांडला.

पहिल्या तीन खेळ्या नेहमीच्याच झाल्या. चौथ्या खेळीला धाकटीने घोड्यापुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे नेऊन थेट माझ्या प्याद्याच्या माऱ्यात टाकलं. घे, मार म्हणून.

"हे काय?"

"गॅम्बिट. मुद्दाम प्यादं देऊन डाव टाकायचा. मोबाइलवर शिकले."

"सरळ खेळता येत नाही का?"

"तुझ्याशी सरळ खेळून काय मिळालं मला?"

फुकट काही समोर आलं की मला आधी संशय येतो. मी सगळीकडून बघितलं. मारलं तर ती मधली जागा बळकावणार, हे दिसत होतं. पण एक प्यादं म्हणजे प्यादं. मी ते मारलं, आणि सवयीने ओठांत धरलं. हसू नका. आमच्याकडे मारलेलं मोहरं ओठांत जातं. पटावरच्या सगळ्या प्याद्यांवर दातांचे व्रण आहेत, काही माझे, काही बाबांचे.

धाकटी लगेच पुढे झुकली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या प्याद्याची खरी जागा पटावर नव्हतीच.

"आता ऐक, दादा. तुझ्या अंगठ्याचं मला केव्हाच कळलंय. तू संध्याकाळी हात धुवायला गेलास की तुझे वाकडे खिळे मी काढते आणि पुन्हा ठोकते. वाईट वाटून घेऊ नकोस. पण कापड तुझ्यासारखं बेतायला मला सात जन्मात जमणार नाही. तू बेत, मी ठोकते. कारखान्यात मला जायचं नाहीये रे. पण तू असा गप्प बसून राहिलास तर मी करू तरी काय?"

मी काय बोलणार? तोंडात प्यादं! राग आला, फार आला. मग डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी पटावर वाकलो. कितीतरी वेळ मला घोडा कोणता आणि उंट कोणता तेच दिसेना.

त्यानंतर तिने भन्नाट हल्ला केला. वजीर, घोडा, उंट, सगळे माझ्या राजाच्या दारात. मी मिळवलेलं प्यादं जिवापाड सांभाळणार, हे तिने गृहीत धरलं होतं. पन्नास वर्षं ओळखते मला. म्हणून मी एक प्यादं सरळ देऊन टाकलं आणि त्या बदल्यात वजिराला वजीर मारला. हल्ल्यातली हवाच गेली.

"हे मोबाइलवर नव्हतं," ती पुटपुटली.

पुढचा डाव लांबला, पण मी जिंकलो. धाकटीने राजा आडवा केला आणि मान खाली घालून मोहरी गोळा करायला लागली. नियम म्हणजे नियम, कुरकुर नाही.

मी प्यादं तोंडातून काढलं, सदऱ्याला पुसलं आणि डब्यात टाकलं. मग भिंतीवरची बाबांची हातोडी काढली. ती मी आजवर तिला हातही लावू दिली नव्हती. ती हातोडी तिच्या हातात दिली आणि एक उघडी खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

"जिंकेल त्याचा शब्द शेवटचा ना? मग ठोक. बघू दे नाट्यगृहाला चालेल का."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग घाईघाईने तिने मूठभर खिळे ओठांत भरले.

मी याचीच वाट बघत होतो.

"आता ऐक," मी म्हणालो. "तू माझ्यापेक्षा चांगली ठोकतेस. आजपासून नाही, पहिल्यापासून. बाबांनाही ते माहीत होतं. मीच त्यांना कधी बोलू दिलं नाही."

धाकटीने माझ्याकडे रागाने बघितलं, डोळे पुसले, आणि तोंडात खिळे असल्यामुळे तिला एक अक्षरही बोलता आलं नाही.