पर्यायी स्रोत

मंजुषानं परीक्षानळी उजेडात धरली आणि रंगांच्या पट्टीशी ताडून पाहिली. गुलाबी रंग उतरून नारिंगी झाला होता.

"दीड," ती म्हणाली.

पाणी ऊसतोड्यांच्या वस्तीवरच्या हातपंपाचं होतं. बाटली घेऊन आलेल्या जानकीबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या नातीचे, सायलीचे, दुधाचे दात पडून नवे आले ते पिवळे, मधूनमधून तपकिरी पट्टे असलेले. म्हणून त्या स्वतःच आल्या होत्या.

पाणी तपासायला गावातल्या पाच बाया नेमा, असा कागद आला तेव्हा सरपंच मोहनरावांनी घरबसल्या नावं भरली आणि त्यात सुनेचं, मंजुषाचंही घातलं. नावापुरतं. सून मात्र माजलगावच्या प्रशिक्षणाला खरोखरच गेली, आणि तिथंच पंचाईत झाली.

"दीड म्हंजी पासच की," मोहनराव खुर्चीतून म्हणाले. "दीडपस्तोर चालतंय."

"एकाच्या आत पायजे, मामा. दीड चालतंय, पर दुसरं पाणी नसंल तरच."

नियम तसाच होता. लिटरमागं फ्लोराईड एक मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं. फॉर्मवर त्यासाठी रकाना होता: पर्यायी स्रोत, आहे किंवा नाही. वस्तीपासून दोनशे पावलांवर मोहनरावांची विहीर होती. तिचं पाणी मंजुषानं सकाळीच तपासलं होतं. ते अर्धा मिलिग्रॅम भरलं.

"न्हाई लिही," मोहनराव म्हणाले. "इहीर घरची हाय, गावाची न्हाई. उसालाच पुरंना, वस्तीला कुठून देऊ?"

जानकीबाईंचा मुलगा याच घरच्या उसात राबत होता.

मंजुषानं पेन उघडलं, पण लिहिलं नाही. तिला भीती वाटत होती.

"दीडानं काय माणूस मरतंय का?" मोहनरावांनी विचारलं.

"मरत न्हाई."

नऊ वर्षं ती सासऱ्यांसमोर तोंडावर पदर धरूनच बोलत आली होती. सुनेच्या या मर्यादेची मोहनराव पाहुण्यांत तारीफ करत. आता तिनं पदर खाली घेतला.

"आमच्या माहेरी बी दीडच होतं, मामा."

तिचे पुढचे दात वरपासून खालपर्यंत तपकिरी होते. बघायच्या कार्यक्रमात तिला हसायला कुणी सांगितलं नव्हतं.

मोहनराव बघत राहिले. मग म्हणाले,

"लिही."

काय, ते तिनं विचारलं नाही. 'आहे' लिहिलं आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढं केला.