रुखमिणीच्या हातोडीची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे, चिखल्याच्या मँगनीज खाणीवरची. आज माझ्या डोक्यावर गंज चढला आहे आणि दांडा किडीने पोखरला आहे. त्याचे मला दुःख नाही. मला लाज वाटते ती एका दिवसाची, आणि ती सांगितल्याशिवाय मातीत जावेसे वाटत नाही.

आंबागडच्या धनीराम लोहाराने मला घडवले. बाभळीचा दांडा ठोकून त्याने मला रुखमिणीच्या हाती दिले आणि म्हणाला, "घे वो बाई, आता हे तुह्या हातची झाली."

खाणीतून वर आलेला माल बाया ओळीने बसून फोडत. काळे खनिज एकीकडे, फुकाचा दगड दुसरीकडे. संशय आला की रुखमिणी दोन्ही तळहातांवर एकेक तुकडा घ्यायची आणि डोळे मिटायची. जड तो खनिजाचा, हलका तो नुसता दगड. मुकादमही अडला, की तिच्याचपुढे तुकडा धरायचा. घाव घालता घालता ती गुणगुणायची:

काळ्या दगडाच्या पोटी कसं चांदणं निजलं,
बाई माह्या हातोडीनं त्याले हळूच उठवलं.

हे ऐकताना मी मनात फुगायचे. कौतुकाच्या दिवसांत माया करणे सोपे असते.

एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात रुखमिणीची लेक पंचफुला सातवीत होती. शाळेत भाषणांची स्पर्धा ठरली, 'माझा आवडता शास्त्रज्ञ'. पंचफुलाने मादाम क्युरी निवडली. रोज चुलीपुढे ती भाषण घोकायची आणि रुखमिणी भाकर थापता थापता हुंकार भरायची. स्पर्धेच्या सकाळी पोर म्हणाली, "माय, येशील तं हात धुऊन येजो. साहेब लोक येऊन राहिले."

त्या दिवशी काम उशिरा सुटले. हात धुवायला नळावर थांबावे, तर भाषण चुकले असते. रुखमिणीने मला पिशवीत टाकले आणि मैतरणीला, वच्छलाला, घेऊन ती तशीच धावली. पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून मी सारे पाहत होते.

आधी गोपीचंद नावाचा मुलगा जगदीशचंद्र बोसांवर बोलला. "झाडाले जीव असते हे त्यायनं दाखवलं. म्हणून मी आठ दिवसांपासून दात घासाले दातन तोडलं नाही," तो म्हणाला. मागून कोणी ओरडले, "म्हणूनच तोंडाचा वास येऊन राहिला!" सभा खदाखदा हसली.

मग पंचफुला उभी राहिली. "मला मादाम क्युरी आवडतात," ती शाळेच्या भाषेत म्हणाली. "गळक्या छपराखाली त्यांनी टनांनी खनिज स्वतःच्या हातांनी उकळले, ढवळले, आणि त्यातून चिमूटभर रेडियम काढले. त्यांनी कामाची लाज धरली नाही."

टाळ्या सुरू होण्याआधीच रुखमिणी उभी राहिली. खनिज म्हटल्यावर तिला राहवले नसावे. "पोरी," तिने मोठ्याने विचारले, "ते बाई हातोडी कोनती वापरे वो?"

सारी सभा हसली. ती दचकली, हातातली पिशवी सुटली आणि मी फरशीवर खणकन आदळले. काळीकुट्ट, साऱ्यांच्या समोर.

पाहुण्यांपैकी एकाने पंचफुलाला विचारले, "या बाई कोण?"

पोरीने आईच्या खनिजाने काळ्या झालेल्या हातांकडे पाहिले. "आमच्या चाळीतल्या आहेत," ती म्हणाली.

आणि मित्रांनो, मी काय केले? मीही मनात म्हटले, मी हिची नसते तर बरे झाले असते. एखाद्या सोनाराची असते, मखमलीवर निजले असते. ज्या हातांनी मला नाव मिळवून दिले, त्यांना मी त्या घटकेला नाकारले.

रुखमिणीने वाकून मला उचलले, पदराने पुसले. वाटेत वच्छला चिडली, "काहून वो, पोटच्या पोरीनं वळखलं नाही तुले?" तेव्हा ती म्हणाली, "शाळेत तसंच बोलाव लागते, बाई. तुले काय समजते?"

पंचफुलाला दुसरे बक्षीस मिळाले. त्यानंतर दोन दिवस ती आईच्या ताटाला ताट लावून जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती थेट खाणीवर आली. साऱ्या बायांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हे माही माय आहे. शाळेत मी खोटं बोलली. आता वर्गातल्या बाईंना सांगून आली, गोपीचंदालेही सांगून आली."

ढिगाऱ्यावरचे सारे घाव थांबले. रुखमिणीने मान वर केली नाही. समोरचा तुकडा उलटा करत ती म्हणाली, "माह्या सवालाचा जवाब तं देल्लाच नाही तुनं."

"हातोडी नव्हती, माय," पंचफुला रडत म्हणाली. "लोखंडाची सळई होती, तिच्या उंचीएवढी. दिवसभर त्यानंच ढवळे."

रुखमिणीने मला खाली ठेवले. "बापा! मंग खांदे दुखत असतीन बिचारीचे," ती म्हणाली, आणि लेकीला जवळ ओढून तिने काळ्या हातांनी तिचे डोळे पुसले. पोरीच्या गालांवर दोन काळे पट्टे उमटले. ते तसेच घेऊन ती शाळेत परत गेली.

पोर खरे बोलून सुटली. मी मात्र पुढची सहा वर्षे रुखमिणीच्याच हातात घाव घालत राहिले आणि एकदाही तिला काही सांगू शकले नाही. तिचे सांधे धरले, तशी मी दाराआड पडले.

मित्रांनो, तुमचा आवडता शास्त्रज्ञ कोण, असे कोणी विचारले, तर खुशाल मोठी नावे घ्या. पण भरसभेत तुमचे माणूस काळ्या हातांनी उभे राहिले, तर 'हे माझे' म्हणायला तीन दिवस लावू नका. मला तर दहा वर्षे लागली, आणि ऐकायला रुखमिणी आता उरली नाही.